कारेगावच्या मे महिन्यात हस्की: जगेल का, आणि कसा जगेल?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. हेडफोन घरी राहिला असेल किंवा कंपनीच्या बसमध्ये काही ऐकू येत नसेल, तर वाचून काढा. बोलताना जे मी तीनदा म्हटलं ते इथे एकदाच ठेवलंय, बाकी भाषा बोलण्यातलीच आहे.

विषय तुमच्यातूनच आलाय. एका श्रोत्याची व्हॉइस नोट होती. त्याचा मतलब असा: "दादा, मी कारेगावात राहतो, रांजणगाव एमआयडीसीत कामाला आहे. रील बघून बघून हस्की घ्यायचं मनात बसलंय. एक मित्र म्हणतो, आपल्याकडच्या उन्हात मरतो तो. दुसरा म्हणतो, पुण्यात किती जणांकडे आहेत, काही होत नाही. खरं काय?"

दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत. म्हणून उत्तर आधीच सांगतो आणि मग कारणं. हस्की इथे आला की मरतोच, असं नाही. पण मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत तो स्वतःच्या जोरावर जगत नाही, तुमच्या जोरावर जगतो. तुमचं घर, तुमची लाईट, तुमचं पाणी आणि दुपारी घरी असलेला माणूस, या चार गोष्टींवर. यातली एक जरी निसटली तरी पहिल्या मित्राचं म्हणणं खरं ठरू शकतं.

हा कुत्रा घडला कुठे?

सायबेरियन हस्की रशियाच्या अगदी ईशान्य टोकाचा. तिथल्या चुकची लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या घडवला. बर्फावरून घसरगाडी, म्हणजे स्लेज ओढायची, कमी खाऊन लांबचा पल्ला मारायचा, आणि रात्री बर्फातच अंगाचं वेटोळं करून, शेपटी नाकावर घेऊन झोपायचं. ही त्याची नोकरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुत्रे अलास्कात गेले आणि १९२५ साली जगभर गाजले. नोम नावाच्या गावात घटसर्पाची साथ होती. औषध पोचवायला सुमारे २० स्लेजचालक आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने हजारेक किलोमीटरचं अंतर साडेपाच दिवसांत कापलं. बाल्टो आणि टोगो ही त्यातली दोन नावं तुम्ही सिनेमामुळे ऐकली असतील.

आपल्या पिढीत ही क्रेझ मात्र दुसरीकडून आली. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या लांडग्यांमुळे जगभर हस्कीची मागणी वाढली आणि मग लोक ते सोडून द्यायला लागले. इतके, की २०१७ मध्ये त्याच मालिकेतला अभिनेता पीटर डिंक्लेज याला चाहत्यांना जाहीर विनंती करावी लागली, की लांडग्यासारखा दिसतो म्हणून हस्की विकत घेऊ नका. सुंदर दिसतो हे कबूल. पण ते निळे डोळे आणि तो झुपका उणे तीस अंशातल्या कामाचा गणवेश आहे, हे लक्षात ठेवा.

अंगावर दोन गोधड्या

हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला थर म्हणजे दाट, मऊ, लोकरीसारखी लव. वरचा थर लांब, राठ केसांचा. आतल्या थरात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. आपली गोधडी याच तत्त्वावर चालते. गोधडी स्वतः गरम नसते, ती तुमची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

इथे काही विक्रेते एक युक्तिवाद करतात: "हे केस उन्हापासूनही वाचवतात, थर्मास असतो ना, तसं." यात थोडं तथ्य आहे. थेट ऊन कातडीपर्यंत पोचायला केस अडवतात. पण थर्मासमध्ये चहा स्वतः उष्णता तयार करत नाही. कुत्रा करतो. त्याचं हृदय, लिव्हर, स्नायू सतत भट्टी चालवतात. पळायला लागला की आणखी. स्नायूंना मिळालेल्या शक्तीतला साधारण चौथा हिस्साच कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. ही आतली उष्णता बाहेर काढायची आहे आणि दारावर दोन गोधड्या टांगल्यात. खरी अडचण ही आहे.

माठाचं गणित

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हा एक समजला तर बाकी सगळं आपोआप समजेल.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. बाहेर २५ अंश असेल तर काही प्रश्न नाही, शरीराची उष्णता हवेत जाते, थंड फरशीत जाते. ३५ झालं की फरक कमी उरतो, उष्णता हळू जाते. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीवर गेला की प्रकार उलटा होतो. हवा कुत्र्यापेक्षा गरम असते. म्हणजे उष्णता बाहेर जात नाही, उलट बाहेरून आत येते.

अशा वेळी शरीर गार ठेवायला एकच रस्ता उरतो: पाण्याची वाफ. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो, तो वाळताना उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गाद्यांना. त्यामुळे त्याचा सगळा भार जिभेवर, तोंडावर आणि नाकाच्या आतल्या ओल्या भागावर. धापा टाकतो ते थकला म्हणून नाही, तो त्याचा कूलर चालू असतो.

रांजणगावच्या शेजारी राहून रांजणाचं विज्ञान वेगळं सांगायला नको. माठ एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी छान गार करतो आणि पावसाळ्यात तोच माठ नुसता ओला राहतो. कुत्र्याची जीभ म्हणजे माठ. म्हणून तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक, कोरड्या उन्हात धापा टाकणं चांगलं काम करतं, पण त्यात पाणी भराभर संपतं. भांडं रिकामं झालं की कूलर बंद.

दोन, वळीव पडून गेल्यावर किंवा जूनच्या सुरुवातीला पारा ३४-३५ वर उतरतो आणि आपण म्हणतो, चला, सुटलो. कुत्रा सुटलेला नसतो. हवा दमट झाली की वाफ होत नाही, माठ गार होत नाही. नुसता आकडा बघून दुपारी फिरायला नेऊ नका.

तीन, धापा टाकणं हेसुद्धा स्नायूंचं कामच आहे. एका मर्यादेनंतर त्यातूनच उष्णता वाढते. तिथून पुढे फार वेळ मिळत नाही.

"पण सायबेरियातही ऊन पडतं की!"

पडतं. २० जून २०२० ला सायबेरियातल्या वेर्खोयान्स्कमध्ये ३८ अंशांची नोंद झाली आणि जगभर बातमी झाली. पण बातमी झाली, कारण ते नेहमीचं नाही. आपल्याकडे ३८ ची बातमी होत नाही, त्याला आपण "आज जरा बरंय" म्हणतो. प्रश्न एका दिवसाच्या विक्रमाचा नाही. सलग किती आठवडे, आणि रात्री शरीराला गार व्हायला वेळ मिळतो का, हा आहे. तापलेल्या पत्र्याखाली रात्री अकरालाही मिळत नाही.

दुसरं वाक्य नेहमी ऐकू येतं: "हा इथेच जन्मलाय, याचे आई-बापही इथलेच, सरावलाय." व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर २०१६ मध्ये केंद्र सरकारने निर्बंध आणले होते, त्यामुळे आज विकली जाणारी बहुतेक पिल्लं इथलीच, हे खरं असू शकतं. शरीर थोडं सरावतं, हेही खरं. काही आठवडे उन्हाळ्यात राहिलेला कुत्रा अचानक उन्हात आणलेल्यापेक्षा बरा टिकतो, आतली लवही थोडी विरळ राहते. पण दोन थरांचे केस, शरीराची ठेवण, पळायची भूक हे दोन-चार पिढ्यांत बदलत नाही. सराव म्हणजे सवय, नवा कुत्रा नव्हे.

केस गळण्याची घडीही इथे विस्कटते. केस कधी गाळायचे हे कुत्र्याचं शरीर बरंचसं दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. त्याच्या मूळ प्रदेशात दिवस हिवाळ्यात चारेक तासांचा आणि उन्हाळ्यात वीस तासांच्या वर. आपल्याकडे लहानात लहान दिवस ११ तासांचा, मोठ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. इशारा इतका पुसट की केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. जेवणात, गादीत, कंपनीच्या युनिफॉर्मवर, सगळीकडे.

मेंढीसारखा कातरू का?

हा प्रश्न आपल्या भागातच सुचू शकतो, आणि चांगला आहे. दख्खनी मेंढी वर्षातून साधारण दोनदा कातरतात, मग हस्की का नको?

कारण मेंढीची लोकर सतत वाढत राहते. हस्कीचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात, थांबतात, गळतात. मशीन लावून मुळापर्यंत काढले तर ते पुन्हा नीट येतीलच याची खात्री नसते. काही ठिकाणी महिनोन् महिने येत नाहीत, काही ठिकाणी नुसती लव येते. शिवाय उन्हाला अडवणारा वरचा थर जातो आणि खालची गोरी कातडी भाजते. करायचं ते वेगळं: आतली गळलेली लव विंचरून काढायची. गळतीच्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा. लव मोकळी झाली की केसांमधून वारा खेळतो. विंचरताना गोचीडही हाताला लागतात. दाट केसांत गोचीड दिसत नाहीत आणि गोचीड-ताप आपल्याकडे कुत्र्यांचा नेहमीचा आजार आहे. पावसाळ्यात उलट त्रास: आतली लव ओली राहिली की कातडी चिघळते. भिजला की मुळापर्यंत कोरडा करायचा.

कारेगावची खोली आणि शिफ्टचं वेळापत्रक

पुण्यात बऱ्याच जणांकडे आहे म्हणता, तर तिथली सोयही बघा. स्लॅबचं घर, एसी, इन्व्हर्टर, दिवसभर घरात कोणीतरी. आता आपल्याकडचं खरं चित्र. भाड्याची खोली, वर पत्रा, एक खिडकी. जनरल शिफ्ट धरली तर कंपनी, बस आणि ओव्हरटाइम मिळून दहा-अकरा तास दाराला कुलूप. दुपारी लाईट गेली तर पंखा बंद. पाण्याचं भांडं पायाने लवंडलं तर संध्याकाळपर्यंत कोरडं. मे महिन्यात पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं हे तुम्हाला माहितीये, तुम्ही रविवारी तिथे झोपायचा प्रयत्न केलेला असतो.

एसी लावू म्हणाल, तर हिशोब करा. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो. रोज दहा तास म्हणजे महिन्याला तीनशे ते साडेचारशे युनिट. तुमच्या बिलावरचा दर काढा आणि गुणा. हा आकडा साडेतीन महिने, पुढची बारा-चौदा वर्षं. आणि लाईट गेली की तोही बंद.

आता यातली खरी कोंडी. हस्की पळायला बनलेला कुत्रा आहे. पळवलं नाही तर तो कंटाळतो, दार कुरतडतो, खड्डे खणतो, लांडग्यासारखा हेल काढून ओरडतो. शेजारी थर्ड शिफ्ट करून झोपलेला असतो, त्याला हे ऐकवा. पळवलं तर उन्हाळ्यात जिवाशी खेळ. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांकडच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कुत्र्यांच्या उष्माघाताच्या सुमारे तीन-चतुर्थांश घटना व्यायामामुळे झालेल्या निघाल्या. तेही ब्रिटनच्या हवेत.

त्यात हस्की कुंपण ओलांडण्यात पटाईत. बाहेर नगर रोड, कंटेनरची रांग. आत वस्तीत कोंबड्या, शेळीची करडं. शिकारीची ओढ या जातीत चांगलीच आहे. एक कोंबडी गेली की भांडण, करडू गेलं की पंचायत.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो, की उन्हाचा धोका फक्त हस्कीला नाही. त्याच ब्रिटिश नोंदींवरचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की लॅब्राडोरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता चाऊ चाऊला सुमारे १७ पट आणि बुलडॉगला १४ पट होती. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा कूलरच अरुंद असतो. म्हणजे "हस्की नको, मग पग घेतो" हा काही उपाय नाही. २०२४ मध्ये तामिळनाडू सरकारने जाहीर केलेल्या श्वान-पैदास धोरणात ज्या ११ जातींची पैदास थांबवायचं म्हटलं होतं, त्यांत हस्की, अलास्कन मालाम्यूट, सेंट बर्नार्ड यांच्याबरोबर पग आणि फ्रेंच बुलडॉगही होते. त्या धोरणावरून वाद कोर्टात गेला, पण निदान प्रश्न सरकारी कागदावर आला.

तुमच्याकडे आधीच असेल तर

तुम्हाला घाबरवायला हा भाग केलेला नाही. चांगल्या ठेवलेल्या हस्की इथेही म्हाताऱ्या होतात. फक्त उन्हाळ्याचा दिनक्रम पक्का हवा.

फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर. रस्त्याला हाताची मागची बाजू लावा. सात आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर पंजालाही सोसणार नाही. पाण्याची दोन जड भांडी, दोन वेगळ्या कोपऱ्यांत. एप्रिल-मेमध्ये साधा वाळ्याचा कूलर चांगलं काम करतो, खिडकी थोडी उघडी ठेवून. दमट दिवसांत त्याच्यावर विसंबू नका. शहाबादी फरशी मोकळी ठेवा, त्यावर चटई नको. अंगणात सावलीला खड्डा खणत असेल तर ओरडू नका, खालची माती गार असते हे त्याला कळतं. आणि दुपारी एक फेरी मारायला कोणीतरी पक्का ठरवा: आई, शेजारची काकू, वेगळ्या शिफ्टचा रूममेट. "बघू" नाही, नाव ठरवा.

उष्माघात झाला तर

लक्षणं अशी: धापा थांबतच नाहीत, लाळ चिकट आणि तारा सुटल्यासारखी, हिरड्या लालभडक, चाल अडखळती, उलटी, आणि शेवटी कोसळणं. शरीर ४१ अंशांच्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात. वरच्या अभ्यासात उष्माघात झालेल्या दर सात कुत्र्यांमागे एक दगावला होता.

अशा वेळी क्रम लक्षात ठेवा: आधी गार करा, मग न्या. आपल्याकडून शिरूर पंधरा-वीस किलोमीटर, पुणे पन्नासेक. तापलेला कुत्रा दुचाकीवर पोत्यासारखा धरून निघालात तर वाटेतच वेळ संपेल. सावलीत घ्या, अंगभर पाणी ओता, पोटाखाली, जांघेत, केस बाजूला करून कातडीपर्यंत. आणि पंखा लावा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो आणि वाफ अडवतो. शुद्धीत असेल तरच पाणी प्यायला द्या, तोंडात ओतू नका. एक आपल्याकडची खास गोष्ट: गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. त्यामुळे उन्हाळाभर दोन बादल्या पाणी घरात सावलीत भरून ठेवा, हीच तुमची ॲम्ब्युलन्स.

डॉक्टरांना फोन गार करता करताच लावा. उठून बसला तरी दाखवायला न्याच. किडनीचं आणि रक्त गोठण्याचं बिघडलेलं काम एक-दोन दिवसांनी समोर येतं. १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, तो मुख्यतः गुराढोरांसाठी. म्हणून जवळच्या कुत्र्यांच्या डॉक्टरांचा नंबर आजच सेव्ह करा.

मग त्या श्रोत्याला माझं उत्तर काय?

भावा, तुझ्या आजच्या खोलीत, आजच्या शिफ्टमध्ये, नको. तुला कुत्रा झेपणार नाही असं मी म्हणत नाही. या कुत्र्याला लागणारी दुपार तुझ्याकडे नाही, एवढंच. कुत्रा हवाय तर आपल्या हवेत घडलेले आहेत. कारवानी बघ: आखूड केस, लांब पाय, सडपातळ अंग, उष्णता टाकायला बनलेलं शरीर. त्यालाही पळायला मोकळं रान लागतं, हे विसरू नकोस. ते नसेल तर गावठी पिल्लू. उन्हाळ्याच्या दुपारी ते स्वतःच गाडीखालची सावली शोधून पडतं, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. पाणी, लस आणि माणूस मात्र त्यालाही लागतोच.

आणि कोणाला सगळा हिशोब करूनही हस्कीच घ्यायचा असेल, तर दोन अटी. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याकडे राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवायला सांगा, टाळाटाळ झाली तर परत फिरा. दुसरी अट कायद्यातली नाही, माझी आहे. डिसेंबरच्या गारठ्यात पिल्लू बघायला जाऊ नका, तेव्हा सगळ्याच हस्की खुशीत असतात. मे महिन्यात जा, दुपारी दोन वाजता, आणि पिल्लाकडे नाही, त्याच्या आईकडे बघा. ती कुठे बसलीये, कशी श्वास घेतेय, तिच्यासमोरच्या भांड्यात पाणी आहे का. तुमच्या घरची दुपार त्याहून बरी असेल, तरच पुढचं बोलणं करा.